राजाची लघवी आणि रिमिंग्टनची सही

या वेळी एका पेपरची चिरफाड करायची आहे. पेपर जुना आहे, १९६८चा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडा नव्हता, त्याला पोर्फिरिया नावाचा चयापचयाचा आनुवंशिक आजार होता, आणि तो त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, असा त्याचा दावा. लेखक तिघं. आयडा मॅकाल्पिन आणि रिचर्ड हंटर हे दोघे मनोविकारतज्ज्ञ, नात्याने आई आणि मुलगा. तिसरं नाव क्लॉड रिमिंग्टन. मला बोलायचंय ते या तिसऱ्या नावाबद्दल.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची नाहीतर नेटची तयारी करताय. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात निरीक्षण, गृहीतक, पडताळणी, निष्कर्ष अशी बाणांची आकृती असते आणि आपण ती पाठ करतो. त्या आकृतीत एक गोष्ट कधीच नसते. ज्या माणसाने आयुष्यभर हे सगळे बाण नीट पाळले, तोच माणूस एके दिवशी दुसऱ्याच्या पेपरवर सही करतो, आणि त्या सहीमुळे लोक बाण मोजायचे सोडून देतात. पोर्फिरिनच्या इतिहासात हे घडलंय, आणि इतकं उघड घडलंय की शिकायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी पोर्फिरिन म्हणजे काय, ते उरकून घेऊ. चार लहान कड्या गुंफून केलेलं एक मोठं वलय डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मधोमध लोखंड बसलं की झालं हीम, म्हणजे रक्ताला लाल करणारा भाग. थोडे फेरफार होऊन मध्ये मॅग्नेशियम बसलं की झाडांचं हरितद्रव्य. आपल्या शरीरात हे वलय आठ पायऱ्यांत तयार होतं आणि प्रत्येक पायरीला एक एन्झाइम लागतं. एखादं एन्झाइम कमी पडलं की त्याच्या अलीकडचा माल साठत जातो. धरणाचं दार अर्धवट अडकलं की मागे पाणी फुगतं, तसं. कुठल्या पायरीला अडलं त्यावर कुठला पोर्फिरिया ते ठरतं. काहींत त्वचा उन्हाला सोसत नाही, फोड येतात. काहींत पोटात असह्य कळा, नाडी जोरात, हातापायांतली ताकद जाणं, झोप उडणं, भ्रम. अशा कितीतरी माणसांची पोटं अपेंडिक्स समजून उघडली गेली आहेत. झोपेसाठी दिली जाणारी बार्बिट्युरेट जातीची औषधं तर या रुग्णांना विषासारखी लागतात.

तीव्र झटक्यांच्या पोर्फिरियात बिघाड असतो यकृतात, पण बातमी बाहेर आणतं मूत्रपिंड. साठलेली द्रव्यं लघवीतून बाहेर पडतात. त्यातलं मुख्य द्रव्य पोर्फोबिलिनोजेन. लांबलचक नाव आहे, पण पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे, तेव्हा ओळख करून घ्या. हे द्रव्य स्वतः रंगहीन असतं. म्हणजे झटका आलेल्या माणसाची ताजी लघवी अगदी साधीही दिसू शकते. ती तशीच ठेवली, उजेड लागला, की हळूहळू काळपट लाल होते. म्हणून आजही हा नमुना लॅबमध्ये पाठवताना बाटली काळ्या कागदात नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळतात. हा तपशील लक्षात ठेवा. राजाच्या भानगडीत सगळं याच्यावर येऊन थांबणार आहे.

आता रिमिंग्टन. जन्म १९०२, शिक्षण केंब्रिजला, माणूस डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रज्ञ. १९३१मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत ऑन्डरस्टेपूर्टच्या पशुवैद्यकीय संस्थेत गेला. तिथल्या मेंढपाळांना एका रोगाने हैराण केलं होतं. मेंढ्यांचे कान, ओठ, पापण्या सुजायच्या, कातडी पिवळी पडायची. स्थानिक भाषेत रोगाचं नाव 'खीलडिककॉप', म्हणजे पिवळं जाडं डोकं. ज्या वनस्पतीवर संशय होता ती तुमच्याआमच्या ओळखीची निघते. गोखरू! माळावर चपलेत घुसतो तो सराटा. आमच्या मच्छीमार नगरात कुणाला मुतखड्याचा त्रास झाला की पहिला उपाय निघतो तो गोखरूच्या काढ्याचाच. डॉक्टर दुसऱ्या नंबरवर. मूत्रपिंडाचं औषध म्हणून आपल्याकडे जिचा लौकिक, तीच वनस्पती तिकडे मेंढ्या मारत होती.

रिमिंग्टन आणि पशुवैद्य क्विन यांनी हे कोडं कसं सोडवलं ते बघा. उन्हाने कातडी सोलते, म्हणजे कातडीत उजेड पकडणारं काहीतरी रंगद्रव्य आहे. ते कुठलं? मेंढीच्या पोटातले जंतू हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य मोडतात, आणि त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं पोर्फिरिन तयार होतं. निरोगी मेंढी ते पित्तावाटे टाकून देते. पित्ताची वाट बंद झाली की ते रक्तात शिरतं, कातडीपर्यंत पोचतं आणि ऊन पडलं की घात करतं. हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही. द्रव्य वेगळं काढून ओळखलं. पित्तनलिका बांधलेल्या मेंढीला हिरवा चारा दिला की तसाच त्रास होतो, हेही दाखवलं गेलं. म्हणजे गोखरू थेट कातडी जाळत नाही. तो पित्त अडवतो, आणि जाळतं ते चाऱ्यातलंच हिरवं. पित्त नेमकं कशाने अडतं हे मात्र तेव्हा सुटलं नाही. वनस्पतीतल्या सॅपोनिनपासून बनणारे स्फटिक पित्ताच्या नळ्यांत साचतात, हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं. जेवढं हातात आलं तेवढंच त्या दोघांनी सांगितलं. मला त्यांच्या कामातली ही गोष्ट फार आवडते.

(आणि कृपा करून हा लेख वाचून कुणी घरातल्या काढ्यावरून आजीशी भांडू नका. मेंढी दिवसभर माळावर तेच खात असते.)

तिथेच स्वाझीलँडमधल्या काही गुरांमध्ये आणखी एक चमत्कारिक आजार सापडला होता. गुरांचे दात गुलाबी-तपकिरी! जन्मजात पोर्फिरिया. त्याचंही रसायन रिमिंग्टनने तपासलं. तेव्हापासून त्याची वाट ठरली ती ठरलीच.

१९३७मध्ये तो लंडनला परतला. १९४५पासून १९६७पर्यंत युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत रासायनिक विकृतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या विभागातलं सगळ्यात देखणं काम माझ्या मते १९५२चं. पोर्फोबिलिनोजेनला नाव आधीच मिळालं होतं, स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉमने ते दिलं होतं. पण नाव होतं, पदार्थ नव्हता. अमुक अभिकारक टाकला की लघवी लाल होते, एवढीच त्याची ओळख. शेजाऱ्याच्या घरातून रोज आवाज येतो, पण शेजारी कधी दिसलेला नाही, अशातला प्रकार. वेस्टॉल या संशोधकाने एका रुग्णाच्या लघवीतून त्याचे शुद्ध स्फटिक काढले. लगेच पुढच्या दोन वर्षांत कुकसन आणि रिमिंग्टन यांनी त्याची रचना ठरवली. फॉक, ड्रेसेल आणि रिमिंग्टन यांनी कोंबडीच्या लाल पेशींच्या अर्कात हे द्रव्य घालून त्यातून पोर्फिरिन तयार होतात हे दाखवलं. चार रेणू जुळले की एक वलय. झालं! लघवीतला संशयित आता शरीराच्या नेहमीच्या कारखान्यातला कामगार ठरला.

याचं महत्त्व नीट समजून घ्या. स्फटिक हातात आल्यामुळे चाचणीला माप मिळालं. लघवी 'लालसर' आहे की 'जरा जास्त लाल' आहे, हे डोळ्यांनी ठरवायचं बंद झालं. अमुक इतकं द्रव्य आहे असा आकडा सांगता येऊ लागला. शब्द जाऊन वजन आलं. १९५४मध्ये रिमिंग्टन रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९६२मध्ये त्याने एब गोल्डबर्गबरोबर पोर्फिरिनच्या चयापचयाच्या आजारांवर अख्खं पुस्तक लिहिलं. या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानला जाण्याचे ते दिवस.

आणि मग राजा.

तिसरा जॉर्ज १७६० ते १८२० गादीवर होता. १७८८च्या उन्हाळ्यात त्याला पोटाच्या तक्रारी झाल्या, आणि शरद ऋतूत तो थांबेचना. तासन्‌तास बोलत राहायचा, झोप नाही, चिडचिड, भ्रम. त्याला बांधून ठेवण्यापर्यंत मजल गेली. काही महिन्यांनी बरा झाला. १८०१ आणि १८०४मध्ये पुन्हा तसंच. १८१०नंतर तो सावरलाच नाही, मुलाने कारभार बघितला. शतकभर सगळे म्हणत होते, वेड लागलं. १९६६मध्ये मॅकाल्पिन आणि हंटर यांनी डॉक्टरांच्या जुन्या नोंदी वाचून लिहिलं की हे वेड नव्हे, हा तीव्र पोर्फिरियाचा नमुनेदार रुग्ण. पोटदुखी आहे, नाडी जोरात आहे, हातपाय लुळे पडल्याचा उल्लेख आहे, आणि मुख्य म्हणजे लघवीचा रंग बदलल्याच्या नोंदी आहेत.

दोन वर्षांनी आलेल्या पेपरात रिमिंग्टनचं नाव जोडलं गेलं आणि जाळं प्रचंड पसरलं. स्कॉटलंडची राणी मेरी, तिचा मुलगा पहिला जेम्स, तिथून हॅनोव्हर आणि प्रशियाच्या घराण्यांपर्यंत. दोन-अडीचशे वर्षांतली कुणाचीही पोटदुखी, कुणाचाही उन्हाचा त्रास, कुणाचीही काळपट लघवी त्यात येऊन बसली. मध्ये आजाराचा प्रकारही बदलला. १९६६ला तीव्र अधूनमधून येणारा पोर्फिरिया होता, १९६८ला 'व्हेरिगेट' पोर्फिरिया झाला, ज्यात त्वचेच्या तक्रारीही बसतात.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: या पेपरात पदार्थ कुठे आहे? १९५२च्या कामात बाटलीत स्फटिक होते. इथे आहेत विशेषणं. दीडशे ते चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा वैद्याने मेणबत्तीच्या उजेडात, भांड्यात किती वेळ ठेवलेली ते न लिहिता, लघवीला दिलेली विशेषणं. ताजी लघवी साधी दिसू शकते आणि ठेवल्यावर काळवंडते, हे जगात ज्या मोजक्या लोकांना सगळ्यात चांगलं ठाऊक होतं त्यांत रिमिंग्टन होता! गडद लघवी पाणी कमी प्यायल्याने होते, काविळीने होते, रक्त उतरल्याने होते, औषधांनी होते. रंगावरून निदान करायचं नाही, द्रव्य मोजायचं, हीच तर त्याच्या कारकिर्दीची कमाई.

पहिल्या जेम्सचं उदाहरण घेते, कारण त्यात मूत्रपिंडाची गोष्ट लपलेली आहे. त्याचा वैद्य मायर्न याने लिहून ठेवलंय की राजाची लघवी आलिकान्ते वाइनसारखी लाल असायची. पोर्फिरियाच्या बाजूने हा पुरावा नेहमी पुढे केला जातो. वाक्य खरंच मोहक आहे. पण त्याच वैद्याच्या टिपणांत लघवीतून रेती, खर पडल्याचे उल्लेख आहेत. आणि जेम्सचं शव उघडलं तेव्हाच्या वर्णनात त्याचं एक मूत्रपिंड आक्रसून बारीक झालेलं होतं आणि त्यात खडे होते, असं आहे. मुतखडा असलेल्या माणसाला लाल लघवी कशाने होते हे सांगायला बायोकेमिस्ट लागत नाही. आमच्या गल्लीतली कुठलीही मावशी सांगेल, रक्त उतरतंय. साधा खुलासा समोर असताना दुर्मीळ खुलासा उचलायचा असेल तर आधी साधा का चालत नाही हे दाखवावं लागतं. ते दाखवलेलं नाही.

आमच्याकडे कोळणी मासळीचे वाटे लावतात ते पाहिलंय का? ससून डॉकवरून पाटी आली की निवडानिवड होते आणि फळीवर छोटे छोटे ढीग मांडले जातात. वाटा बघताना वर मोठी कोळंबी दिसते. जाणती बाई वाटा हाताने उलटवते आणि खाली काय आहे ते बघते, मगच भाव करते. राजाच्या लघवीचा वाटा असाच लावलेला होता, आणि तो उलटवायला चाळीसेक वर्षं लागली. २०१०मध्ये टिमोथी पीटर्स आणि विल्किन्सन यांनी मूळ नोंदी पुन्हा वाचून काढल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मॅकाल्पिन-हंटर यांनी सोयीच्या नोंदी उचलल्या, गैरसोयीच्या सोडल्या. रंग बदलल्याचे उल्लेख मोजके आहेत, आणि ज्या दिवसांत लघवी साधी होती ते दिवस गोष्टीत येतच नाहीत. पोटदुखीला आहे त्यापेक्षा जास्त वजन दिलेलं. १८११च्या सुमारास लघवीत निळसर छटा दिसल्याचा जो गाजलेला उल्लेख आहे, त्याला त्यांनी सुचवलेला खुलासा तर औषधाचा आहे: राजाला तेव्हा जेन्शियन नावाच्या वनस्पतीचा अर्क दिला जात होता.

बरं, हे सगळं २०१०मध्येच सुचायला हवं होतं असंही नाही. पोर्फिरियातलीच माणसं तेव्हाही कुरकुरत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या शेकडो रुग्णांची वंशावळ शोधत शोधत १६८८मध्ये केपला लग्न झालेल्या एका डच जोडप्यापर्यंत पोचलेला जेफ्री डीन हा त्यांतला एक. व्हेरिगेट पोर्फिरियाची घराणी ज्याने दारोदार फिरून तपासली त्या माणसाला ही राजघराण्याची वंशावळ पटली नव्हती. पण कुरकुर वर्तमानपत्रात जात नाही. राजा जातो. पुढे नाटक आलं, १९९४मध्ये सिनेमा आला, पाठ्यपुस्तकांत रंगीत चौकटी आल्या.

आता मुद्दा क्रमांक दोन, आणि हा तुम्ही स्वतःच्या सिनॉप्सिसला लावून बघाच. व्हेरिगेट पोर्फिरियाचं जनुक असलेल्या बऱ्याच माणसांना आयुष्यभर काही होत नाही. ही गोष्ट खरी आहे. पण ती या दाव्याच्या हातात दिली की काय होतं? ज्या वंशजात लक्षणं सापडली तो पुरावा. ज्याच्यात सापडली नाहीत तोही अडचण नाही, कारण त्याच्यात जनुक झोपलेलं असेल. म्हणजे वंशावळीत काहीही निघालं तरी दावा शाबूत. ज्या दाव्याला हरताच येत नाही त्याच्या जिंकण्याला काय अर्थ? १९६८च्या पेपरात काही हयात वंशजांच्या तपासण्यांचा आधारही दिला आहे, पण नावं न देता. रुग्णाचं नाव लपवणं योग्यच. पण त्यामुळे वाचकाला तो दुवा तपासायची सोय राहिली नाही, आणि घराण्याची अख्खी साखळी त्या दुव्याला टांगलेली.

मग रिमिंग्टनने सही का केली? त्याच्या मनात शिरायचा मला अधिकार नाही, पण पेपर वाचून मला जे दिसतं ते सांगते. त्या पेपरातलं रसायनशास्त्र चुकीचं नाही. पोर्फिरियाबद्दल जे लिहिलंय ते त्या काळच्या मानाने चोख आहे. चूक आहे ती रसायन आणि राजा यांना जोडणाऱ्या पुलात, आणि तो पूल इतिहासाच्या कागदांचा आहे. कागद निवडले दुसऱ्यांनी. निवडून समोर आलेले कागद खरे धरले, तर निदान सुचतंच. प्रयोगशाळेत नमुना कुठून आला, कुणी घेतला, किती वेळ उघडा राहिला हे पहिल्यांदा विचारणारा माणूस; जुनी चोपडी समोर आली तेव्हा ते प्रश्न विचारायचे राहून गेलेले दिसतात. उताराही नमुनाच असतो, त्यालाही ऊन लागतं. आंतरशाखीय संशोधन करा असं सध्या प्रत्येक गाईड सांगतो, चांगलंच आहे, पण त्याचा धोका बरोबर इथे असतो: प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचा भाग दुसऱ्याने तपासला असेल.

मॅकाल्पिन आणि हंटर यांच्यावर एकतर्फी टीका करणं मात्र मला पटत नाही. त्यांच्या आधीची 'निदानं' वाचली तर अंगावर काटा येतो. राजाच्या दबलेल्या इच्छा, त्याचं दुबळं मन, असलं बरंच काही, आणि तेही राजा गेल्यावर शंभर-दीडशे वर्षांनी. शरीराच्या नोंदी आधी वाचा, मनाचे तर्क नंतर लढवा, हा त्यांचा आग्रह रास्त होता. त्यांच्यामुळे पोर्फिरिया हे नाव डॉक्टरांच्या तोंडी बसलं, आणि पोटदुखी-भ्रम एकत्र दिसल्यावर कुणाला तरी लघवी तपासायचं सुचलं असेल, तर तेवढं पुण्य त्यांच्या खाती जमा आहे.

माझं भांडण वेगळं आहे. राजा वेडा नव्हता, त्याला 'खरा' आजार होता, हे वाक्य ज्या सुटकेच्या सुरात बोललं जातं त्याच्याशी. जणू मनाचा आजार म्हणजे लांच्छन आणि रक्ताचा आजार म्हणजे निर्दोष सुटका. आपल्याकडेही दवाखान्याबाहेर नातेवाईक असंच विचारतात ना, डोक्याचं काही नाही ना डॉक्टर, रक्तातलंच काहीतरी असेल? राजाला पोर्फिरियाने 'सोडवलं', आणि बाकीचे जे मनाच्या आजाराने त्रस्त आहेत ते तिथेच राहिले. उलट्या बाजूने पोर्फिरियाचे रुग्णही अडकले. त्यांच्या आजाराची जगाला ओळख काय, तर 'वेड्या राजाचा आजार'. एक चुकीचं निदान मेलेल्या माणसाला काही करत नाही. त्याची किंमत जिवंत माणसं मोजतात.

आणि मूत्रपिंडाचं काय? या विषयाची ही बाजू राजाच्या गर्दीत हरवली, म्हणून थोडं लिहिते. लघवीचा एवढा बोभाटा झाला, पण लघवी तयार करणाऱ्या अवयवाला या आजारात काय भोगावं लागतं हा प्रश्न बराच काळ कडेला पडून होता. स्वीडनमधल्या रुग्णांत मूत्रपिंडाचे त्रास जास्त आढळतात हे २०००च्या सुमारास मांडलं गेलं. २०१५मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात झटके येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांची मूत्रपिंडं दीर्घकालीन आजाराने ग्रासलेली निघाली, आणि साठलेली द्रव्यं नळ्यांच्या पेशींना थेट इजा करत असावीत असा प्रयोगांचा कौल आला. म्हणजे ज्याला आपण नुसता निरोप्या समजत होतो, तो निरोप वाहता वाहता जखमी होत होता. २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं गिवोसिरॅन हे औषध यकृतातली पहिलीच पायरी मंद करतं, झटके कमी होतात. पण त्याच्या चाचणीत काही रुग्णांचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, त्यामुळे मूत्रपिंडावर नजर ठेवावी लागते. तुमच्यापैकी कुणी विषयाच्या शोधात असेल तर इथे जागा आहे. राजाच्या मागे जागा नाही.

जर्नल क्लबमध्ये मी हे मांडलं तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला: मग राजाला झालं होतं तरी काय? पीटर्स आणि इतरांचा कल तीव्र उन्मादाकडे, ज्याला आज बायपोलर म्हणतील त्या आजाराकडे आहे. २०१७मध्ये राजाच्या पत्रांचं संगणकाने विश्लेषण करणारा पेपर आला. आजारपणातली पत्रं आणि बऱ्या दिवसांतली पत्रं यांच्या भाषेत फरक पडतो, आणि तो उन्मादाशी जुळतो, असा त्याचा निष्कर्ष. मला तो पेपर आवडला, पण वाटा उलटवून बघायचा नियम त्यालाही लावायला हवा. पत्रं कुणी जपली, कुठली गहाळ झाली, आजारपणात लिहू दिलं ते कितपत स्वतःचं? इथे पत्रं निदान प्रत्यक्ष समोर आहेत आणि कुणीही पुन्हा मोजू शकतो, एवढी बाजू जमेची.

पदार्थ हातात येण्याची एक संधी खरोखर आली होती. संग्रहालयात राजाच्या केसांची एक बट सापडली, आणि २००५मध्ये लॅन्सेटमध्ये तिचा अहवाल आला. केसांत आर्सेनिक निघालं, दहा लाख भागांत सतरा, म्हणजे भलतंच जास्त. लेखकांनी तर्क लढवला की राजाला दिल्या जाणाऱ्या अँटिमनीच्या औषधांतून ते आलं असावं आणि त्याने पोर्फिरियाचे झटके भडकले असावेत. वाचताना बघा, पोर्फिरिया इथेही आधीच धरून चाललाय. जे खरं हवं होतं ते त्या केसांतून मिळालं नाही: तपासता येईल असा डीएनए निघालाच नाही.